विचारलंस काय?

परवाच्या रविवारी स्वयंपाकघराच्या भिंतीत एक खिळा मारायचा होता. कॅलेंडर टांगायला. या घरात येऊन सव्वा वर्ष झालं, पण कॅलेंडर अजून खिडकीच्या कडीलाच अडकवलेलं. वारं सुटलं की पानं फडफडतात, पावसाची झड आत आली की मंगळवार-शुक्रवारभोवतीची लाल वर्तुळं ओली होतात आणि पुढच्या महिन्याच्या पानावर उमटतात. मी स्टुलावर चढले, भिंतीवर पेन्सिलीनं ठिपका केला, हातोडी उचलली. आई ओट्याशी बटाट्याच्या उकळलेल्या फोडींचं पाणी मोरीत ओतत होती. तिच्या वाटणीची भाजी अशीच होते, एकदा उकळून पाणी टाकायचं आणि मग फोडणीला घालायची. हातोडी उचलल्याची चाहूल तिला कशी लागली कोण जाणे. मागं न बघता तिनं विचारलं, "विचारलंस काय?"

"कुणाला?"

ती वळली नाही. पातेल्यातून वाफ येत राहिली. मग तिनं नळ उगाचच सोडला, बंद केला, आणि मी स्टुलावरून उतरले. खिळा ड्रेसच्या खिशात तसाच राहिला. संध्याकाळी कपडे बदलताना तो बोटाला टोचला, तेव्हा पुन्हा आठवण झाली. गेले पंधरा दिवस ते दोन शब्द मी मार्केट यार्डातल्या पेढीवर गुळाच्या रव्यांचे, म्हणजे ढेपांचे, हिशेब लिहिताना ऐकते आहे, केएमटीच्या बसमध्ये ऐकते आहे. विचारलंस काय. या घराचं खरेदीखत आई आणि अण्णांच्या नावावर आहे. दर महिन्याच्या पाच तारखेला हप्ता माझ्या खात्यातून जातो. दारावर अण्णांच्या नावाची पाटी आहे. विचारायचं कुणाला? आईला हे ठाऊक नाही असं थोडंच आहे. पण पाच वर्षांत आम्ही सहा दारं बघितली, आणि एक मामाचं घर नि एक गाळा सोडला तर बाकी प्रत्येक दारात डिपॉझिटच्याही आधी सांगितलेली अट हीच असायची. भिंतीला खिळा मारायचा नाही.

कोल्हापुरात शुक्रवार पेठेतल्या आमच्या जुन्या घराला खिळेच खिळे होते. पांढऱ्या मातीच्या दीड हात रुंद भिंती, एप्रिलच्या उन्हातही गाल टेकवावा इतक्या गार. खिळा मारायला हातोडीसुद्धा लागायची नाही, वरवंट्यानं दोन ठोके दिले की झालं. प्रत्येक खिळ्याला धनी होता. एक अण्णांच्या शर्टाचा, त्याला कायम फौंड्रीतल्या काळ्या वाळूचा वास. एक चाळणीचा, एक सुपाचा, एक आजीच्या जपमाळेचा. आजी गेल्यावर त्या खिळ्याला कुणी काही अडकवलं नाही आणि कुणी तो उपटलाही नाही. ते घर भाड्याचं आहे हे मला दहावीला जाईपर्यंत माहीत नव्हतं. भाडं आजोबांच्या काळापासूनचं, इतकं थोडं की मालक ते न्यायलाही वर्षातून एकदाच यायचे, चहा घ्यायचे, छपराकडं एकवार बघायचे आणि जायचे.

मधल्या खोलीच्या भिंतीवर कोळशाची एक आडवी रेघ होती. २००५ साली पाणी जिथपर्यंत आलं होतं तिथं अण्णांनी ओढलेली. नदीकाठच्या पेठांतून अशा रेघा पुष्कळ घरांत होत्या. आमच्याकडं जुलै उजाडला की सकाळची पहिली चौकशी चहाची नसते, "राजाराम बंधाऱ्याला किती फूट?" ही असते. पंचगंगेचं पाणी त्या बंधाऱ्याला मोजतात, एकोणचाळीसला इशारा, त्रेचाळीसला धोका. लहान पोरांनाही हे पाढ्यासारखं पाठ. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की गल्लीतली म्हातारी माणसं तासांचा हिशेब घालायला बसायची. घाटावरची देवळं बुडाली की निम्मं शहर पाणी बघायला लोटायचं, आणि आम्ही काठावरचे धान्याचे डबे माळ्यावर चढवायचो. त्यात भीती होती तशी सवयही होती. आणि ती रेघ होती. रेघेच्या वर पाणी येत नाही, असं आम्ही धरून चाललो होतो. २०१९ साली पेठेतली कितीतरी माणसं घरं वेळेत न सोडता बसून राहिली, ती अशाच कुठल्या ना कुठल्या रेघेवर भरवसा ठेवून.

आईचं आजारपण त्याच्या दोन वर्षं आधीचं. बीपीच्या गोळ्या बरं वाटतंय म्हणून तिनं मधेच सोडल्या होत्या, आणि कळलं तेव्हा दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ बसली होती. डाव्या मनगटाच्या वर शीर आणि धमनी जोडून फिस्टुला केला. तिथं बोट ठेवलं की आत काहीतरी गुरगुरतं, झोपलेल्या मांजराच्या पोटावर हात ठेवल्यासारखं. रोज सकाळी उठल्यावर ती गुरगुर आहे ना हे बघायचं, थांबली तर धावत दवाखाना गाठायचा. त्या हातानं ओझं उचलायचं नाही, त्या हाताला सुई टोचू द्यायची नाही, बीपीचा पट्टा बांधू द्यायचा नाही, आणि बांगड्या घालायच्या नाहीत. आईला शेवटचं सगळ्यात जड गेलं. सवाष्णीचा एक हात हिरव्या चुड्याचा आणि दुसरा मोकळा. हळदीकुंकवाला गेली की ती डावा हात मांडीखाली दाबून बसायची.

दिवसाला सातशे मिली पाणी. चहा, आमटी, गोळीबरोबरचा घोट, सगळं त्यातच. सकाळी ती मापानं बाटली भरून ठेवते, आणि कुठून कपभर चहा पोटात गेला की तेवढंच पाणी बाटलीतून तुळशीत ओतते, म्हणजे हिशेब चुकत नाही. तांबडा-पांढरा रस्सा वाटीवर वाटी पिणाऱ्या या गावात ती ताटातल्या सुक्या मटणाच्या दोन फोडी खाते, रश्श्याचा वास घेते आणि तोंडात बर्फाचा खडा धरून बसते.

२०१९ची नागपंचमी सोमवारी होती, ५ ऑगस्टला. त्या दिवशी चिरायचं नाही, तळायचं नाही, म्हणून आईनं पुरणाची दिंडं उकडायला ठेवली होती. पाणी गल्लीच्या तोंडाशी दुपारीच आलं होतं. रात्री नऊच्या सुमारास ते उंबऱ्यावरून आत आलं, गडबड न करता, एखादं माणूस चपला काढून घरात शिरावं तसं. अण्णा रेघेकडं बघत उभे होते. आईनं मात्र भिंतीवरची निळी पिशवी आधी काढली. फाइल, रेशन कार्ड, योजनेची कागदं, गोळ्या. पिशवी डोक्यावर, उजवा हात पिशवीला, आणि डावा हात छातीशी असा धरलेला जसं काही त्यात तान्हं मूल आहे. पाणी मांडीला लागत होतं. गल्लीतली पोरं दोर धरून माणसं काढत होती. एकानं तिला आधार द्यायला नेमका डावा हात धरला, तेव्हा ती ओरडली, "ह्यो नको, ह्यो नको!" त्या पोराला वाटलं हात मोडलाय.

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता, डायलिसिसचा.

त्या आठवड्याचं वर्णन मी करत नाही, कोल्हापुरात ज्यानं त्यानं ते आपल्या अंगावर सोसलंय. बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, शिरोलीजवळ हायवे बुडाला, दूध नाही, पेट्रोल नाही. मला सांगायचंय ते शाळेच्या ज्या वर्गात आम्ही राहिलो तिथलं. बाकं भिंतीला लावून सतरंज्या घातल्या होत्या, फळ्यावर अजून सातवीचं गणित होतं. आणि माणसं मदत घेऊन येत होती, लाटेवर लाट. उपनगरांतून, चढावरच्या पेठांतून, ज्यांच्या घरात पाणी नव्हतं त्या प्रत्येक घरातून काहीतरी येत होतं. भाकरी, ठेचा, खिचडी, केळी, बिस्किटं, चहाच्या किटल्याच्या किटल्या. असं गाव मी पुन्हा बघणार नाही असं वाटायचं, डोळ्यांत पाणी यायचं. आणि त्यातलं जवळजवळ काहीच आईला चालत नव्हतं. केळ्यातलं पोटॅशियम तिच्या हृदयाला धोक्याचं, खिचडीत मीठ, लोणच्यात मीठ, चहा म्हणजे पाणी. डायलिसिस चुकलेल्या दिवशी तर हे सगळं विषच. "मावशी, एक घोट तरी घ्या, अशा उपाशी राहू नका," असं म्हणत कॉलेजची पोरं तिच्यापुढं गुडघ्यावर बसायची. ती किती जणांना नको म्हणणार? किती जणांना मूत्रपिंड समजावून सांगणार? दोनदा तिनं नुसतं मन राखायला चहा घेतला. त्या रात्री तिला आडवं होता येईना. आडवी झाली की दम कोंडायचा, छातीत पाणी भरल्यासारखं व्हायचं. अण्णा तिच्या पाठीला पाठ लावून पहाटेपर्यंत बसून राहिले. बाहेर सगळीकडं पाणी, आणि तिच्या आतही पाणीच चढत होतं. मी तिचे पाय दाबून बघायचे, अंगठा जिथं रुतेल तिथं खळगा तसाच राहायचा.

तिला डायलिसिसच्या केंद्रावर नेता आलं ते गुरुवारी. लांबचा वळसा घालून, अर्धी वाट एका ओळखीच्या माणसाच्या ट्रॅक्टरवर. तिथं गेल्यावर कळलं की मशीन आहे, वीज आहे, पण पाणी नाही. शिंगणापूर, बालिंग्याची उपसा केंद्रं बुडाली होती, शहराचे नळ कोरडे होते. तोवर मला कधी सुचलंच नव्हतं की डायलिसिसला पाणी लागतं. तंत्रज्ञ मुलगा थकलेला होता, तरी त्यानं नीट सांगितलं. मिनिटाला अर्धा लिटर शुद्ध पाणी मशीनमधून वाहतं, म्हणजे चार तासांना एकशेवीस लिटर, एका माणसाला. आणि ते शुद्ध करताना वाया जातं ते वेगळं. सातशे मिलीवर दिवस काढणारी माझी आई आठवड्यातून दोनदा एकशेवीस लिटर पाण्यात धुऊन निघत होती, आणि मी दोन वर्षं तिच्या उशाशी बसूनही हे पाणी बघितलं नव्हतं. टँकर येईपर्यंत अकरा माणसं व्हरांड्यात बसून होती. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. टँकर आला तेव्हा त्या पाइपाच्या आवाजानं एक म्हातारे आजोबा हात जोडून उभे राहिले. सगळ्यांना पुरावं म्हणून प्रत्येकाला चाराच्या ऐवजी अडीच तास मिळाले. आईला त्या रात्री आडवं होता आलं.

पाणी उतरल्यावर घरी गेलो तेव्हा नदीकडची भिंत बसली होती. पांढरी माती पाण्यात विरघळते, हे काही नवीन नाही, पण आपली भिंत ढिगारा होऊन पडलेली बघणं वेगळं. कोळशाची रेघ कुठं होती तेही ओळखू येईना. खिळे मात्र होते. चिखलातून मी आणि अण्णांनी ते वेचले, का वेचले माहीत नाही, एका डब्यात भरले, आणि पुढच्या कुठल्यातरी खोली बदलण्यात तो डबा हरवला. पंचनामा झाला. शहरातल्या कुटुंबाला पंधरा हजार, त्यातले पाच रोख. पडलेल्या घराचा विचार मालकांच्या नावानं होणार होता, आमच्या नावावर त्या घरातले फक्त खिळे होते. मालक भले माणूस. त्यांनी आम्हाला हाकललं नाही. "आता बांधतो कशाला, जागाच विकून टाकतो," एवढंच म्हणाले, आणि दोन महिन्यांचं राहिलेलं भाडं माफ केलं.

बेघर म्हटलं की रस्त्यावरची माणसं डोळ्यांसमोर येतात. आम्ही एक रात्रही रस्त्यावर झोपलो नाही, म्हणून हा शब्द स्वतःला लावायला मला बरीच वर्षं लागली. आधी शाळा, मग कागलला मामाकडं दोन महिने, मग खोल्या. आईची दुखणी चालत राहण्यासाठी घराकडून काय काय लागतं, ते घर गेल्यावर एकेक करून समजलं. आठ पावलांवर संडास. डायलिसिसहून आल्यावर बीपी खाली जातं, तेव्हा कुणी न बघता पडून राहायला एक कोपरा. रात्री पायात गोळे येतात, तेव्हा उठून फेऱ्या मारायला चार हात जमीन. रक्त वाढवायच्या इंजेक्शनांना फ्रिज. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, आजारी दिसायची मुभा. खोली बघायला जाताना आई डावा हात पदराखाली घ्यायची. फिस्टुलाच्या शिरा फुगून दोरखंडासारख्या दिसतात, एकदा बघितलं की माणूस विचारल्याशिवाय राहत नाही. "घरात पेशंट कुणी?" हा प्रश्न यायचाच. एका ठिकाणी मी सरळ नाही म्हणून सांगितलं. मंगळवार-शुक्रवार आई मावशीकडं जाते, मावशी एकटी असते, असं. माझ्या शेजारी उभं राहून आईनं मान हलवली. खोटं बोलल्याचं मला तेव्हा काही वाटलं नाही, खोली मिळाली याचंच बरं वाटलं. पण त्यानंतर पाच महिने ती माउली डायलिसिसहून येताना रिक्षा चौकातच सोडायची, हातावरच्या पट्टीवरून पदर ओढायची आणि ताठ चालत घरात शिरायची. दार लावलं की मगच भिंतीला धरून खाली बसायची. ते माझ्या खोट्यामुळं.

२०२०च्या जूनमध्ये ती खोली सुटली. लॉकडाऊनमध्ये आठवड्यातून दोनदा बाहेर जाणारं माणूस लपणार कसं? पोलिसांना दाखवायला दवाखान्याचं पत्र होतं, तेच मालकीणबाईंनी बघितलं. त्या ओरडल्या नाहीत. दारात उभ्या राहून, तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "तुमचं दुखणं खरं हाय, पर माझ्यात सहा महिन्यांचं नातवंड हाय. आठ दिवसांत बघा कायतरी." मला त्यांचा राग आला, अजूनही येतो. पण ते नातवंड मी मांडीवर घेतलेलं होतं. त्याच बाईंनी सामान हलवायच्या दिवशी आईसाठी बिनमिठाच्या भाकऱ्या बांधून दिल्या. म्हणजे कधीपासून तरी त्यांना ठाऊक होतं.

त्या काळात खोली कोण देणार. अण्णांच्या एका फौंड्रीतल्या मित्राचा उद्यमनगरात गाळा होता, लेथ बंद पडलेली. चार महिने आम्ही तिथं राहिलो. जमिनीवर जुना फ्लेक्स, त्यावर गोधड्या. रात्री शटर गुडघाभर वर ठेवायचं, हवेसाठी. लोखंडाच्या किसाचा आणि कटिंग ऑइलचा वास आमच्या कपड्यांना, केसांना, भाकरीलाही. संडास तीन गाळे सोडून. सकाळी शेजारच्या गाळ्यात माणसं यायच्या आत बायकांच्या आंघोळी उरकायच्या, लेथच्या आडोशाला. आईची इंजेक्शनं कोपऱ्यावरच्या डेअरीवाल्या काकांच्या फ्रिजमध्ये, दह्याच्या पातेल्यामागं, वर्तमानपत्रात गुंडाळून. काकांनी त्यावर पेनानं "वहिनींचं" एवढंच लिहिलं होतं. त्यांनी एका पैशाची गोष्ट काढली नाही. संध्याकाळी वीज गेली की स्वतः चालत सांगायला यायचे, "मी बर्फ लावून ठेवलाय, काळजी करू नका." रात्री पायात गोळे आले की आई उठायची आणि त्या बंद लेथभोवती प्रदक्षिणा घालायची. देवळात घालतात तशी. अंधारात मला फक्त तिची पावलं ऐकू यायची, आणि मी झोपेचं सोंग घेऊन मोजायचे.

या सगळ्या वर्षांत तिची एकच जागा बदलली नाही. केंद्रावरचा चार नंबरचा बेड. खिडकीजवळचा. पाच नंबरला गडहिंग्लजकडच्या एक काकू, पहाटेच्या एसटीनं यायच्या. दोघींची सुई एकाच वेळी लागायची. चार तास त्या एकमेकींशी सुनांबद्दल, शेंगदाण्याच्या भावाबद्दल, काय प्यावंसं वाटतं त्याबद्दल बोलायच्या. काकूंना उसाचा रस, आईला मिसळीचा कट. आई तिथं डावा हात उघडा टाकून निवांत पसरायची. मी तिला इतकी मोकळी त्या काळात दुसरीकडं कुठं बघितली नाही. एकदा नर्सनं तिला तीन नंबरला जायला सांगितलं, तेव्हा माझी कुणाशी न भांडणारी आई म्हणाली, "न्हाई, ह्यो बेड माझा हाय." मी पाण्याची बाटली हातात घेऊन दारात उभी होते.

आमच्याकडं बायकाही "मी येतो, मी जातो" म्हणतात, परगावच्या लोकांना त्याचं नवल वाटतं. तसाच आणखी एक कोल्हापुरी शब्द आहे, "आमच्यात". आमच्यात या जेवायला, आमच्यात आज पाव्हणं हाईत. त्यात घर हा शब्द नसतो, पण घरच असतं. २०१९च्या ऑगस्टनंतर आईच्या तोंडून तो शब्द गेला. ती म्हणायची, "खोलीवर". खोलीवर जातो, खोलीवर गोळ्या राहिल्या. कुणी जेवायला बोलावलं तर उलट बोलावणं म्हणून, "या की कधीतरी," एवढंच. कुठं या, ते नाही.

२०२१च्या जुलैत पाणी २०१९पेक्षाही वर चढलं. आम्ही तेव्हा कळंब्याकडच्या एका खोलीत होतो, तिथं पाण्याचा संबंध नाही. तरी आई रात्रभर चपला घालून, निळी पिशवी मांडीवर घेऊन खुर्चीत बसली. कुणीच तिला झोप म्हटलं नाही.

घर कसं घेतलं ते सांगण्यासारखं फारसं नाही. अण्णांचा फंड, आईच्या पाटल्या गुजरीत, सोन्याच्या बाजारात, मोडल्या त्याचे पैसे, माझ्या दोन भिशी, आणि पतसंस्थेचं कर्ज. पाचगावात एक खोली-स्वयंपाकघर, वापरलेलं, पहिल्या मजल्यावर. तळमजल्यावरचंही एक होतं, थोडं स्वस्त, आणि आईच्या पायांना ते बरं पडलं असतं. पाचगाव शहराच्या उंच अंगाला, तिथवर नदी येत नाही, हे अण्णांनी तिला तीनदा सांगितलं. "वरचंच घ्या," ती म्हणाली. बावीस पायऱ्या आहेत. अकराव्या पायरीवर, वळणावर, अण्णांनी एक प्लास्टिकचं स्टूल ठेवलंय. डायलिसिसहून आली की ती तिथं बसते. बिल्डिंगमधली पोरं त्या स्टुलाला "आजीचं स्टेशन" म्हणतात आणि त्यावर पाय ठेवत नाहीत.

२०२४चा गुढीपाडवा मंगळवारी आला. प्रवेश त्याच दिवशी करायचा होता, मुहूर्त सकाळचा. मी म्हटलं, बुधवारी करून घेऊ डायलिसिस, एका दिवसानं काय होतंय. आईनं माझ्याकडं बघितलं. एका दिवसानं काय होतं ते तिनं शाळेच्या त्या वर्गात बघितलं होतं. सकाळी अण्णांनी गुढी उभारली आणि आई चार नंबरच्या बेडवर होती. दूध मात्र आम्ही तापवलं नाही, शेगडीवर पातेलं तसंच ठेवलं. दुपारी दोन वाजता ती आली, हाताला पट्टी, चेहरा धुतलेल्या कापडासारखा पांढरा. अकराव्या पायरीवर बसली. तेव्हा तिथं स्टूल नव्हतं, पायरीवरच बसली. मग वर आली, माप ओलांडलं आणि स्वतः गॅस पेटवला. दूध वर आलं, तरी तिनं हात पुढं केला नाही. शेगडीवरून ओट्यावर, ओट्यावरून खाली फरशीवर ओघळ आला. ती बघत राहिली. त्यातलं दोन चमचे तिला चालणार होतं, तेवढं घेतलं आणि भिंतीकडं तोंड करून झोपली, संध्याकाळपर्यंत.

तर तो खिळा. पंधरा दिवस माझ्या ड्रॉवरमध्ये होता. या रविवारी मी पुन्हा स्टूल ओढलं आणि या वेळी आधी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. "आई, तुला विचारतो. मारू काय खिळा?"

ती डाळ निवडत होती. ताट बाजूला सारून उठली, भिंतीपाशी गेली आणि माझ्या पेन्सिलीच्या ठिपक्यावर तिनं उजव्या हाताची बोटं ठेवली. रोज सकाळी ज्या बोटांनी डाव्या हातावरची गुरगुर बघते, तीच. डोळे मिटून, हलकेच, थोडं वर, थोडं खाली. "हितं न्हाई. हितनं वायर गेली असंल. जरा डावीकडं घे." मी डावीकडं घेतलं. ही भिंत विटेची, सिमेंटची. पहिल्या ठोक्याला खिळा उडाला, दुसऱ्याला वाकला. तिनं डब्यातून दुसरा काढून दिला. ठोके चालू असतानाच तिचा फोन वाजला. पाच नंबरच्या काकू. आवाज ऐकून त्यांनी काय चाललंय विचारलं असावं. मी हातोडी थांबवली, ती काय सांगते ते ऐकायला.

"काय न्हाई वो," आई म्हणाली, "खोलीवरच हाय मी. पोरगी खिळा मारायलीय."

मी शेवटचे दोन ठोके दिले, खिळा हलवून बघितला, कॅलेंडर अडकवलं. फोनवर शेंगदाण्याचा भाव सुरू झाला होता. खाली पडलेलं सिमेंटचं पीठ आईनं बोलता बोलता पायानंच भिंतीच्या कडेला गोळा केलं.